आधी टिफिन, मग नाव-पत्ता

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

इंदूरला राजेंद्रनगरात माझी मावशी टिफिन सेंटर चालवते. भंवरकुआंच्या कोचिंगला आलेली मुलं, एकटे राहणारे नोकरदार आणि काही वयस्कर जोडपी असे तिचे ग्राहक आहेत. उद्या कोणाला टिफिन नको, कोणाला पोळ्या जास्त, महिन्याचे किती झाले, कोणाकडून किती येणं, हे सगळं ती वहीत लिहायची. मी आणि माझ्या मित्राने तिच्यासाठी मोबाइलच्या ब्राउझरवर चालणारं एक साधं साधन तयार केलं. तिला ते फार आवडलं, म्हणून ओळखीतल्या इतर टिफिन सेंटरांनाही लिंक पाठवली. लिंक बरेच जण उघडतात, पण रजिस्ट्रेशनच्या पानावरूनच परत जातात.

फॉर्ममध्ये नऊ रकाने आहेत: पूर्ण नाव, व्यवसायाचं नाव, मोबाइल, ईमेल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड, जन्मतारीख, पिनकोड आणि ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’. त्यानंतर कॅप्चा (समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं), मग ओटीपी. तो कधी कधी येतच नाही. टिफिन घेणाऱ्यांनाही ‘उद्या नको’ कळवायला खातं उघडावं लागतं, त्यामुळे ती मुलं सरळ मावशीला फोन करतात. मित्र म्हणतो, माहिती आत्ता घेतली नाही तर नंतर कोण देणार? आणि ज्याला फॉर्म भरायचा कंटाळा, तो पुढे पैसे तरी काय देणार? आम्ही काय काढावं आणि काय ठेवावं?

– मावशीचा भाचा, इंदूर

ताईंचं उत्तर

तुझ्या मित्राच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुमचा अख्खा फॉर्म त्या प्रश्नातून आलेला आहे.

माहिती नंतर कोण देणार? जिचं काहीतरी तुमच्याकडे जमा झालंय, ती देईल. लिंक उघडते त्या क्षणी त्या बाईचं तुमच्या साधनात काहीच नसतं. ते कसं दिसतं, आपल्या उपयोगाचं आहे का, हेही तिला माहीत नसतं. अशा वेळी तिची जन्मतारीख मागणं म्हणजे दारातच अडवणं. तुझ्या मावशी नव्या मुलाशी कशा वागतात ते आठव. ‘एक दिवस जेवून बघ, आवडलं तर महिन्याचं ठरवू,’ असंच म्हणत असतील ना? खोली नंबर, अ‍ॅडव्हान्स, गावचा पत्ता हे सगळं नंतर येतं, आणि तेव्हा तो मुलगा आपणहून देतो. तुमच्या साधनानेही हेच करायला हवं.

त्याचं दुसरं वाक्य, कंटाळ्याचं, मला जास्त लागलं. सकाळी नऊच्या सुमाराला कणकेचे हात पुसून फोन हातात घेणारी बाई कंटाळखोर नसते. ती महिनाभर उधारी सांभाळते, कोणाला तिखट चालत नाही हे तिला तोंडपाठ असतं, आणि पैसे थकवून गावी गेलेल्या मुलाचा हिशोबही ती विसरत नाही. तिला वेळ नाही, एवढंच. तिने तुमचा फॉर्म सोडला यावरून ती पैसे देणार की नाही याबद्दल काहीच कळत नाही.

तर मग लिंक उघडल्यावर दिसावं काय? आजची यादी. रिकाम्या चार-पाच ओळी, प्रत्येक ओळीत ‘नाव किंवा खोली’, सकाळ की संध्याकाळ, किती पोळ्या, आणि वर मोठ्या अक्षरात आजच्या टिफिनची बेरीज. तिने तीन नावं टाकली की वर ‘आज ३ टिफिन’ दिसलं पाहिजे. तेवढ्यानेच तिला कळेल की हे आपलंच काम आहे. तोवर खातं नको, नंबर नको, काही नको. ही यादी तिच्या ब्राउझरमध्येच साठवा.

पण तिथेच थांबू नका, कारण ब्राउझरमधली साठवण भरवशाची नसते. आयफोनवरच्या सफारी या ब्राउझरने २०२० पासून असा नियम केलाय, की साइट सात दिवसांच्या वापरात एकदाही हाताळली गेली नाही तर तिने स्क्रिप्टमधून, म्हणजे आपल्या कोडने, साठवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणजे आयफोन असलेली एखादी बाई लग्नाला म्हणून नागपूरला गेली आणि पंधरवड्याने परतली, तर तिची यादी गायब झालेली असू शकते. अँड्रॉइडवरही घरातलं कोणीतरी ‘फोन हळू चालतोय’ म्हणून ब्राउझरचा डेटा साफ करतंच. म्हणून काही ग्राहक टाकून झाले की त्याच बैठकीत, पानाच्या तळाशी, तिचं काम न अडवता एक पट्टी दाखवा: ‘ही यादी सध्या फक्त या फोनवर आहे. फोन बदलला तरी राहायला हवी असेल तर मोबाइल नंबर द्या.’ नंबर मागायची खरी वेळ ही. आता तिच्याकडे जपण्यासारखं काही आहे, आणि नंबर का हवा याचं कारणही तिच्याच फायद्याचं आहे. बटणावर ‘रजिस्टर करा’ लिहू नका, ‘यादी जपून ठेवा’ लिहा. नंबर दिल्यावर तीच यादी जशीच्या तशी खात्यात गेली पाहिजे. हा भाग नीट तपासा. इथे एक जरी नाव गळालं तरी ती बाई परत वहीकडे जाईल, आणि तिचं बरोबरच असेल.

आता रकाने. जन्मतारीख, पिनकोड, ‘कुठून कळलं’ आणि ईमेल आजच काढा, त्यावर चर्चाही नको. मित्र म्हणेल, काढण्यापेक्षा ‘ऐच्छिक’ करू. त्याला एक्सपीडिया या प्रवास-बुकिंगच्या कंपनीचा किस्सा सांग. त्यांच्या पैसे भरायच्या पानावर ‘कंपनीचं नाव’ असा एक ऐच्छिक रकाना होता. लोकांना वाटायचं बँकेचं नाव विचारलंय. मग ते पुढे पत्ताही बँकेचाच लिहायचे, तो कार्डाच्या पत्त्याशी जुळायचा नाही आणि व्यवहार फसायचा. तो एक रकाना काढल्यावर वर्षाला सुमारे १.२ कोटी डॉलरचा नफा वाढल्याचं कंपनीच्या माणसांनीच पुढे सांगितलं. ऐच्छिक रकानाही वाचावा लागतो, त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि तो चुकीचाही लागू शकतो. व्यवसायाचं नाव महिन्याच्या बिलावर छापायला हवंच, तर पहिलं बिल काढताना विचारा.

पासवर्ड पूर्णच जाऊ दे. तुमच्या नियमात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह असं असणार. असल्या अटी लादू नयेत असं अमेरिकेच्या नीस्ट या मानकसंस्थेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शिकेतच सांगितलंय, कारण अशा अटींमुळे लोक ओळखायला सोपे पासवर्ड करतात किंवा कुठेतरी लिहून ठेवतात. तुमच्या साधनाला मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरे आहे. एकदा आत आलेली बाई त्या फोनवर बरेच महिने आतच राहू दे. रोज ओटीपी मागणार असाल तर पासवर्ड काढून मिळवलं काय? मात्र फोन हरवला तर ‘सगळ्या फोनवरून बाहेर पडा’ ही सोय द्या. आणि एक काळजी घ्या. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी नव्या माणसाला मिळू शकतो. बरेच महिने न वापरलेल्या खात्यात कोणी नव्या फोनवरून त्याच नंबराने आलं, तर जुनी यादी दाखवण्याआधी तिच्यातल्या एखाद्या ग्राहकाचं नाव विचारा. मूळ मालकिणीला ते चटकन सांगता येईल.

नावाच्या रकान्यावर मला थोडं रेंगाळायचंय, कारण तिथे आपल्या लोकांना फार त्रास होतो आणि करणाऱ्याला तो दिसतही नाही. आडनाव, वडिलांचं नाव असले वेगळे कप्पे नकोत, एकच रकाना ठेव. तुमचा कोड फक्त इंग्रजी अक्षरं स्वीकारत असेल तर देवनागरीत नाव लिहिणारी बाई पहिल्याच पायरीवर अडणार. समजा तू म्हणालास, कुठल्याही भाषेचं ‘अक्षर’ चालेल असा नियम लावतो, तरी भागणार नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात साठवायची प्रमाण पद्धत; तिच्या हिशोबात आपल्या काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त यांची गणना अक्षरांत होत नाही. त्यांचा ‘चिन्ह’ हा वेगळा वर्ग आहे. त्यामुळे ‘कमल’ पास होतं आणि ‘शिल्पा’ला ‘कृपया योग्य नाव भरा’ असं लाल अक्षरात ऐकवलं जातं. स्वतःचं नाव बरोबर लिहिलेल्या माणसाला ते चुकलंय असं सांगणं मला अपमानास्पद वाटतं. नाव तपासूच नका. रिकामं नाही एवढं बघा आणि पुढे जाऊ द्या. आकड्यांचंही तसंच. मराठी कीबोर्डवरून कोणी ९८२६ असं देवनागरीत लिहिलं तर जावास्क्रिप्टची नेहमीची आकड्यांची तपासणी ते नाकारते. आधी ते इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या. +९१, सुरुवातीचा शून्य, मधल्या मोकळ्या जागा हे सगळं यंत्राने साफ करावं. ते माणसाचं काम नव्हे.

ओटीपी ‘कधी कधी येत नाही’ म्हणतोस. आधी तुमच्या मजकुराचा साचा तपास. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला आपली संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर, नोंदवावा लागतो. पाठवलेला मजकूर नोंदवलेल्या साच्याशी जुळला नाही तर संदेश वाटेतच अडतो. पुष्कळदा होतं असं, की मित्रांपैकी एक जण मजकुरात छोटासा बदल करतो आणि डीएलटीवर जुनाच साचा राहतो. तुमच्याकडे मराठीचा आणि हिंदीचा वेगळा मजकूर असेल तर दोन्ही नोंदवलेले आहेत का ते बघ.

ओटीपी आला तरी गोष्ट संपत नाही. स्वस्त फोनवर ती बाई मेसेज बघायला जाते आणि परत येते तोवर ब्राउझर पान नव्याने उघडतो, भरलेला नंबर पुसला जातो. म्हणून ती कुठल्या पायरीवर होती हे लक्षात ठेवा. सहा आकड्यांचे सहा वेगळे चौकोन दिसायला छान असतात, पण त्यांत चिकटवायला गेलं की बऱ्याचदा फक्त पहिला आकडा पडतो. एकच रकाना द्या, त्याला ऑटोकम्प्लीटची ‘वन-टाइम-कोड’ ही खूण लावा, म्हणजे आयफोन कीबोर्डच्या वर कोड स्वतःच सुचवेल. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये वेबओटीपीची, म्हणजे मेसेजमधला कोड पानाने स्वतःच उचलायची, सोय आहे. तिच्यासाठी मेसेजची शेवटची ओळ @ पुढे तुमचं डोमेन आणि # पुढे कोड अशी असावी लागते. ही ओळही डीएलटीच्या साच्यात हवी, नाहीतर सुधारणा करायला जाल आणि सगळेच ओटीपी बंद पडतील.

कॅप्चा काढायला मित्र घाबरेल, कारण खोटी खाती. यादी फोनवरच असेपर्यंत खोट्या खात्याचा प्रश्नच येत नाही. ओटीपीच्या पायरीवर मात्र कडक राहा: एका नंबराला आणि एका आयपीला (इंटरनेट-जोडणीच्या पत्त्याला) तासाभरात ठरावीकच ओटीपी. नाहीतर कोणीतरी तुमच्या पानावरून हजारो नंबरांना मेसेज सोडेल आणि बिल तुम्हाला येईल. माणसांना न दिसणारा एक फसवा रकाना ठेवला तर साधे बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम, त्यात अडकतात.

आता टिफिन खाणारी मुलं. माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी चूक इथे आहे. त्यांना खात्याची गरजच नाही! तुझ्या मावशींनी त्यांना ओळखलेलं आहे, तेवढी ओळख पुरे. प्रत्येकाला त्याची स्वतःची लिंक मावशींच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून जाऊ दे. ती उघडली की पुढचे काही दिवस दिसावेत आणि प्रत्येकासमोर ‘हवा / नको’. उद्या सकाळचं रात्री किती वाजेपर्यंत बदलता येईल तेही तिथेच लिहा. चुकून दाबलं तर परत फिरवता आलं पाहिजे.

मात्र ही लिंक म्हणजेच किल्ली आहे हे विसरू नका. शेवटी ग्राहक क्रमांक १७, १८ असं असेल तर कोणीही आकडा बदलून दुसऱ्याचा टिफिन बंद करील. लांब, यादृच्छिक, अंदाज न बांधता येणारी लिंक करा आणि ती बदलून द्यायचं बटण मावशींकडे ठेवा. दुसरी गोष्ट, नुसती लिंक उघडल्याने काहीही बदलता कामा नये. लिंकचं शीर्षक आणि चित्र दाखवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ती आपणहून उघडून बघतं. उघडताक्षणी ‘नको’ नोंदवणारी लिंक केलीत तर मुलाने हात लावायच्या आधीच त्याचा टिफिन रद्द झालेला असेल. पानावरचं बटण दाबल्यावरच नोंद व्हावी.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘दहा तारखेपर्यंत टिफिन नको’ याचा अर्थ ‘दहा तारखेपर्यंत खोलीला कुलूप’. ही माहिती नको त्याच्या हाती पडली तर चोरी होईल, आणि एकट्या राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत त्याहून वाईटही होऊ शकतं. दिवाळीत, रंगपंचमीच्या गेरला (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीला) जोडून सुट्टी घेतात तेव्हा, अख्ख्या वसतिगृहांचं येणं-जाणं तुमच्या यादीत असेल. म्हणून मुलांच्या पानावर पूर्ण नाव, पत्ता, फोन यातलं काही दाखवू नका. पहिलं नाव पुरे. मावशींच्या यादीतही ‘दुसरा मजला, डावीकडचा’ एवढ्यावर काम भागत असेल तर भागू द्या. कोचिंगच्या मुलांपैकी कित्येक १८ वर्षांखालची असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती घ्यायची अट आहे. त्यांचं तुमच्याकडे जितकं कमी असेल तितकं बरं.

काही ठिकाणी अडथळा हवाच. ग्राहक कायमचा काढून टाकणं, खात्याचा मोबाइल नंबर बदलणं, सगळ्यांना थकबाकीचा मेसेज पाठवणं, इथे थांबवून दोनदा विचारा. आणि वयस्कर जोडप्यांचे फोन येत राहतील ते येऊ देत. मावशींना त्यांच्या वतीने एका बोटात ‘नको’ करता आलं की झालं.

बदल केल्यावर रजिस्ट्रेशनची संख्या मोजत बसू नका. किती जणींनी पहिला ग्राहक टाकला आणि त्यातल्या किती दुसऱ्या दिवशी परत आल्या, हे मोजा. त्याहून चांगलं म्हणजे ओळखीच्या एखाद्या टिफिन सेंटरवर परवानगी घेऊन शेजारी बसा आणि गप्प राहून बघा. तुझ्या मावशींना बसवू नकोस, त्यांना सगळं पाठ झालंय. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली सांगितलं की पाच माणसं बघितली तरी बहुतेक अडचणी हाती लागतात. तुम्हाला पाच स्वयंपाकघरं सहज मिळतील.

शेवटी, आतापर्यंत ज्यांनी नऊही रकाने भरले त्यांचं काय? त्यांच्या जन्मतारखा, पिनकोड आणि न लागणारे ईमेल डेटाबेसमधून काढा, बॅकअपमधूनही. वर सांगितलेल्या डेटा संरक्षण कायद्याच्या ६ व्या कलमात एक उदाहरण दिलंय: टेलिमेडिसिनच्या (दुरून उपचार देणाऱ्या) अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि बाईंनी ‘हो’ म्हटलं, तरी ती संमती उपचाराला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाईल, कारण संपर्कयादीची तिथे गरज नाही. टिफिनच्या हिशोबाला जन्मतारीख लागत नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि अर्धवट सोडलेल्या फॉर्ममधले नंबर तुमच्याकडे साठत असतील तर त्यांवर एकही मेसेज पाठवू नका, पुसून टाका. त्या बायकांनी ‘पाठवा’ दाबलेलंच नाही. नवी लिंक तयार झाली की ती मावशींनीच आपल्या ओळखीतल्यांना पाठवावी, आणि खाली एवढंच लिहावं: ‘आता नंबर न देताही उघडतं. आजची यादी टाकून बघ.’

– तुझी ताई